चिपला लागलेलं कुंकू

अर्ध्या तांदळाएवढी असते ती चिप. खोटं नाही सांगत! चिमट्याने उचलताना श्वास रोखून धरावा लागतो, नाहीतर आपल्याच फुंकरीने उडून जाते आणि मग टेबलाखाली टॉर्च घेऊन रांगत बसा. तिला ॲनालॉग स्विच म्हणतात. काम अगदी साधं: आलेला सिग्नल या वाटेने सोडायचा की त्या वाटेने. खिशात मावणाऱ्या कुठल्याही वस्तूत, म्हणजे मोबाइलमध्ये, इयरफोनच्या डबीत, हातावरच्या घड्याळात, अशा वाटा बदलाव्या लागतात. गंमत अशी, की हिच्या आत काहीच हलत नाही. पाती नाही, स्प्रिंग नाही, खटका नाही. एका पायाला इशारा द्यायचा की वाट बदलली. मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणतात ना, ती हीच.

मला या चिपचं वेड आहे. आणि माझ्या वेडाचा जास्तीत जास्त त्रास कुणाला झाला असेल, तर माझ्या घरमालकीण मावशींना.

घरमालकीण म्हणजे गाळ्याची. राहायला मी रहाटणीत, आणि माझा गाळा चिखलीत. आधी चाकणच्या एका कंपनीत टेस्टिंगला होते. सकाळची बस, संध्याकाळचा ट्रॅफिक, मध्ये दिवसभर तेच ते बोर्ड तपासायचे. एक दिवस म्हटलं, बास झालं, आता आपले बोर्ड आपणच बनवायचे. चिखलीत गावठाणातलं एक जुनं कुटुंब, त्यांच्या घरामागे जिथे गोठा होता तिथे त्यांनी पत्र्याचे गाळे काढले होते. त्यातला टोकाचा मी घेतला. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या वस्तूंचे बोर्ड मी तिथे बनवते. समोरच्या घरात काका आणि मावशी; काकांना भावकीत तात्या म्हणतात.

मावशी दुपारी चहा घेऊन यायच्या आणि माझ्या तावडीत सापडायच्या. त्यांना भिंगाखाली चिप दाखवल्याशिवाय मी चहाला हात लावत नसे. "मावशी, हे बघा, हाच या यंत्राचा जीव. बाकी सगळं हाड-मांस. जीव इथे!" त्या भिंगात बघायच्या, मान डोलवायच्या आणि म्हणायच्या, "व्हय बाई, जीव हाय. पर च्या निवाय लागलाय."

काका मात्र गाळ्यात येत नसत. काका कुठेच येत नसत.

गावातली माणसं सांगायची, या माणसाची हाक नदीपल्याड जायची. जत्रेत कुस्त्या लागल्या की पुकारा यांचाच. लाऊडस्पीकर आला तरी म्हणे यांना तो धरायची गरज नव्हती. मग घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण स्वरतंतूचा एक भाग काढावा लागला. आवाज गेला, कुजबूज तेवढी उरली. तोंडाजवळ कान नेला तर शब्द कळायचे, हातभर लांब गेलं की संपलं. फोनवर तर काहीच नाही. पलीकडचा "हॅलो, हॅलो" करून ठेवून द्यायचा. काका ओट्यावर बसेनासे झाले. मावशींना बोलवायचं झालं तर आतल्या खोलीत टाळी वाजवायचे. एवढा रांगडा माणूस, टाळी वाजवायचा! मला गाळ्यात ऐकू आली की माझं काम सुटायचं हातातून.

आधीच्या दसऱ्याला मी पाहिलं होतं. संध्याकाळी सगळी भावकी सोनं द्यायला यांच्याच दारी येते, कारण घरात थोरले हे. काका आत पांघरूण घेऊन पडलेले, आणि मावशी दारात उभ्या राहून प्रत्येकाला सांगतायत, "झोपल्यात." सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी मावशींच्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि गेले.

पुढच्या वर्षी पावसाळा सरत आला तशी मावशी एकदा चहा घेऊन आल्या आणि कप माझ्या हातात न देता उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "पोरी, तुज्या त्या बारक्या चिपा एवढं काय काय करत्यात म्हंतीस. ह्यांचा आवाज न्हाई का व्हायचा त्यास्नी? दसऱ्याला वट्यावर बसवायचंय मला ह्यांना. दुसरं काय मागत न्हाई."

अरे देवा! मला तर उड्या मारायच्या होत्या. मी तिथल्या तिथे कागदावर चित्र काढायला लागले. चहा निवला तो निवलाच.

आवाज मोठा करायचे डबे बाजारात मिळतात, मास्तर लोक कमरेला लावतात तसले. तो आणून बघितला होता काकांनी. शिट्टी मारायचा, आणि फोनला त्याचा काही उपयोग नव्हता. मला वेगळं हवं होतं. ओठांजवळ बारीक माइक, खिशात काडेपेटीहून थोडी मोठी डबी. समोर माणसं असतील तेव्हा आवाज डबीच्या स्पीकरला जाईल, फोन आला तर तोच आवाज फोनमध्ये. दोन वाटा. म्हणजे मध्ये माझी लाडकी चिप!

आधी मी साधा सरकता खटका लावून बघितला. नको रे बाबा! खटका सरकवला की स्पीकरमधून फटाका फुटल्यासारखा आवाज. एकतर कुजबूज एवढी नाजूक, ती पुष्कळ पटींनी वाढवायची, म्हणजे खटक्यातला कचराही तेवढाच वाढणार. चिपमध्ये ती भानगड नाही. आणि ऐका, ही चिप तर त्याहून भारी. डबीत एकच छोटी बॅटरी. दिवस सरतो तसा तिचा जोर उतरतो. जुन्या प्रकारच्या स्विचांचं काय होतं, जोर उतरला की दार अर्धवटच उघडतं, आणि आवाज त्या फटीतून घासत, फाटत येतो. ही नवी चिप दोन व्होल्टच्या खालीसुद्धा दार सताड उघडते. सकाळी जसा आवाज, तसाच संध्याकाळी. मी स्कूटरवर एकटीच हसत घरी जायचे. सिग्नलला शेजारचे बघायचे.

काकांना हे समजावायला मी त्यांच्या खोलीत गेले. कॉटवर बसले होते. मी बोर्ड त्यांच्या हातात दिला आणि सुरू झाले: सिग्नल असा येतो, इकडे वळतो, तिकडे वळतो. त्यांनी बोटाने खूण करून मला जवळ बोलावलं. मी कान नेला.

"म्हंजी पानी देतानी दारं धरायची," ते कुजबुजले. "ह्या वाफ्याचं दार लावलं, त्या वाफ्याचं फोडलं."

"अगदी तेच, काका!" मी किंचाळलेच. "फक्त फावडं नाही!"

ते हसले. त्यांचं हसणंसुद्धा नुसती हवा होती. मग परत कान जवळ घ्यायला लावला. "दसऱ्याला घालतो. आधी न्हाई. नव्या वस्तूचा मुहूर्त त्योच."

मी म्हटलं, एकदा घालून तर बघा, माप घ्यायला हवं. नाहीच. म्हाताऱ्याचा हट्ट. मग मीच गाळ्यात दार लावून कुजबुजत बसायचे. "राम राम मंडळी, राम राम मंडळी." डबी मोठ्याने म्हणायची, "राम राम मंडळी!" कोरडा, घोगरा, वाऱ्यातून आल्यासारखा आवाज, पण शब्द सगळे अख्खे. बाहेरून कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, बाईचं डोकं फिरलं.

नवमीच्या आधी सगळं तयार होतं. एकदम टकाटक!

खंडेनवमीला या पट्ट्यात काय असतं ते सांगायला नको. चाकणपासून पिंपरीपर्यंत जिथे म्हणून मशीन आहे तिथे झेंडूची माळ. मोठ्या प्रेसला माळ, लेथला माळ, फोर्कलिफ्टलाही माळ. आमच्या ओळीतल्या सगळ्या गाळ्यांची पूजा मावशी करतात, कारण जागा त्यांची आणि हौसही त्यांची. मी फुलं कमी पडली म्हणून बाजारात गेले होते. येऊन बघते तो सोल्डरिंग आयर्नला माळ, मल्टिमीटरच्या काचेवर हळदीकुंकवाची बोटं, आणि मधोमध पाटावर काकांची डबी. झाकणावर ठसठशीत कुंकू. एवढी गोड दिसत होती! मी फोटो काढला. पूजा झाल्यावर त्या दिवशी हत्यारांना हात लावत नाहीत, म्हणून मी डबी उघडलीही नाही की चालू करून बघितलीही नाही. प्रसादाचा पेढा खाल्ला आणि घरी गेले.

दसऱ्याला दुपारी जेवणं आटोपून मी आले. सकाळीच मावशींनी पूजा हलवली होती. काका पांढरा शर्ट, धोतर, टोपी घालून कॉटवर बसलेले. दाढी केलेली. मी माइक त्यांच्या कानाला अडकवला, डबी खिशात सरकवली, बटण दाबलं.

"बोला काका."

त्यांचे ओठ हलले. डबीतून आवाज आला, "रा... म... ळी."

परत ओठ हलले. "म... मं..." आणि मग काहीच नाही. मग एकदम "डळी!" मोठ्याने. मग परत गप्प. ते आता भरभर बोलत होते, ओठ हलत होते, आणि डबी मधूनच एखादं अक्षर थुंकत होती. माझ्या पाचावर धारण बसली. मी बटण दाबते, सोडते, पुन्हा दाबते. काकांनी शांतपणे माइक काढला, डबी काढली, माझ्या हातात ठेवली. टोपी काढून खुंटीला लावली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

मावशी दारात होत्या. खुंटीवरच्या टोपीकडे बघत होत्या. तेच जास्त लागलं मला.

डोकं सटकलं माझं. रडूही येत होतं आणि रागही. धावत गाळ्यात आले, मावशी मागोमाग. दोन दिवसांपूर्वी पोपटासारखी बोलणारी वस्तू, हिला आजच काय धाड भरली? नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! बॅटरी बघितली, भरलेली. माइक, ठीक. स्पीकर, ठीक. मग चिपच्या त्या पायावर मीटर लावला, ज्या पायाला वाट बदलायचा इशारा मिळतो. तिथे शून्य दिसायला हवं. काटा असता तर नाचला असता! आकडे मध्येच कुठेतरी लोंबकळतायत, वर जातायत, खाली येतायत. म्हणजे चिप दर क्षणाला वाट बदलत होती. अर्धा शब्द स्पीकरला, अर्धा शब्द फोनच्या रिकाम्या वाटेला.

कुठूनतरी वीज झिरपत होती. पण कुठून? भिंग ओढलं आणि बघितलं.

चिपच्या बरोब्बर मध्ये, पायांपर्यंत पसरलेला, पिवळा आणि वर लाल. ओलसर. टिळा!

"मावशी!" मी ओरडले. "आत कुणी लावलं हे?"

"म्या," मावशी म्हणाल्या. घाबरल्या नव्हत्या, उलट त्यांना वाटलं मला आवडलं. "झाकनाला लावलं, मग वाटलं, तू म्हंतीस की रोज, जीव आत हाय. मग जीवाला न्हाई लावायचं आन् टोपनाला लावायचं, ह्यो कुटला न्याय? आगपेटीच्या काडीनं लावलं, बारीक. झाकान परत लावून ठिवलं."

आता याला काय म्हणणार! साऱ्या बोर्डावर एवढे सुटे भाग, मोठाले, चमकणारे, पण बाईंनी नेमका अर्ध्या तांदळाचा दाणा हुडकून काढला. मी भिंगाखाली कधी दाखवला नसता तर त्यांना तो सापडलाही नसता. त्या पायाला शून्यावर धरून ठेवायला मी, बॅटरी वाचावी म्हणून, अगदी नाजूक रेझिस्टर लावला होता, एवढा नाजूक की ओल्या कुंकवातून झिरपणारी वीजसुद्धा त्याला भारी पडली. मला हसू फुटलं, आणि हसता हसता मी बोलून गेले, "बरं, काही हरकत नाही, कुंकू पुसून टाकते, दोन मिनिटांचं काम."

मावशींचा हात स्वतःच्या कपाळाकडे गेला.

"काय म्हनालीस?"

मला कळलं आणि जीभ चावली. पण तोंडातून गेलं ते गेलं.

"सणाच्या दिशी? ह्या घरात?" त्यांचा आवाज चढला. "ह्यांच्यासाटी लावलेलं कुंकू पुसायचं? दवाखान्याच्या बाकड्यावर बसून म्या काय मागनं मागितलं हुतं तुला ठाव हाय का? न्हाई. हात लावायचा न्हाई."

"अहो मावशी, ते यंत्र आहे!"

"मंग पूजा कशापायी केलीस?"

मी तरी हट्टाने वाद घातला. कुंकू दमट असतं, त्यातून वीज जाते, तुमच्या श्रद्धेचा प्रश्न नाही, विज्ञानाचा आहे. मावशी चिपवर तळहात धरून उभ्या, कोंबडी पिलावर पंख धरते तशा. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, हँडलला आपट्याच्या फांद्या. थोड्याच वेळात माणसं येणार, आणि मावशी पुन्हा दारात उभ्या राहून "झोपल्यात" म्हणणार. मी तसं म्हणालेही. रागाने म्हणाले, "मग सांगा परत सगळ्यांना, झोपल्यात म्हणून!"

बोलले आणि मलाच वाईट वाटलं. मावशी स्टुलावर बसल्या. बोर्ड उचलून डोळ्यांजवळ धरला.

मग म्हणाल्या, "देवाला काल लावलेलं कुंकू आज सकाळी ऱ्हातं का गं?"

"म्हणजे?"

"आंगोळ घालतानी जातं की न्हाई?"

"जातं."

"मंग त्ये काय कुनी पुसलं म्हनत न्हाई." त्या उठल्या, पदर खोचला. "आंगोळ घाल त्याला. पुसू नगंस. आंगोळ घाल."

मला मिठीच मारावीशी वाटली, मारलीही. मग कपाटातून स्पिरिटची बाटली काढली. मावशींनी वास घेतला, नाक मुरडलं आणि म्हणाल्या, "असूंदे, आज ह्येच गंगेचं पानी." मी ब्रशने हळूहळू चिपवर सोडत होते, आणि त्या शेजारी हात जोडून उभ्या. पिवळं पाणी ओघळलं, मग गुलाबी, मग स्वच्छ. गरम हवेने वाळवलं. तो नाजूक रेझिस्टर काढून तिथे चांगला दमदार लावला, आणि वरून पारदर्शक लेप दिला. लेप देताना लख्खकन डोक्यात आलं: अरे, मे महिन्यात काकांच्या खिशात घामाने हेच झालं असतं! भर लग्नात, चारचौघांत. आणि मी कुठे शोधत बसले असते? घाम वाळून गेला की खुणाही राहत नाही. मी मावशींना सांगितलं, "तुमच्या कुंकवाने वाचवलं हो आपल्याला!"

"मंग? उगंच लावत्यात व्हय," त्या म्हणाल्या, आणि लगेच कुंकवाचा करंडा पुढे. "आता आंगोळ झाल्यावर कोरडंच ठिवतीस का देवाला?"

"झाकणाला! मावशी, फक्त झाकणाला!"

मीटर लावला. शून्य. अगदी स्थिर, ढिम्म शून्य. एवढं सुंदर शून्य मी आयुष्यात पाहिलं नाही.

काका तसेच भिंतीकडे तोंड करून पडलेले. आता अंगणात चपला वाजत होत्या, पोरंटोरं आली होती. मी कॉटशेजारी खाली बसले आणि त्यांच्या पाठीशी बोलले, "काका, बांध फुटला होता. पाणी शेजारच्या वाफ्यात जात होतं. बांध घातलाय मी, पक्का घातलाय. आता दारं धरा."

हलले नाहीत. मी डबी उशाशी ठेवली. मावशींनी खुंटीवरची टोपी काढली, झटकली, डबीशेजारी ठेवली आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. मीही त्यांच्यामागे गेले. बघवत नव्हतं.

ओट्यावर चपलांचा आवाज वाढला. कुणीतरी विचारलं, "तात्या झोपल्यात का?" मावशींनी गॅसवर ठेवलेल्या पातेल्यात उगाच चमचा फिरवला. बाहेर दारात गेल्या नाहीत. मी दाराच्या फटीतून बघितलं आणि हात तोंडावर दाबला. काका बाहेर निघाले होते. टोपी घालून, माइक कानाला लावून. खुर्चीत बसले. भावकीतला एकजण वाकला, पानं पुढे केली.

"सोनं घ्या," डबी म्हणाली. "सोन्यासारखं ऱ्हावा."

घोगरा, वारा भरलेला, तरी अख्खा. एक अक्षर तुटलं नाही! तो वाकलेला माणूस तसाच वाकून राहिला. मग कुणीतरी शिट्टी घातली, पोरं ओरडायला लागली, आणि मी स्वयंपाकघरात नाचायला लागले, अक्षरशः नाचायला. तेवढ्यात त्या सगळ्या गलक्यावरून आवाज आला, घरातल्या भांड्यांपर्यंत पोचला.

"अगं ए! मंडळी आल्यात, च्या टाक!"

मावशींचा चमचा थांबला. चहा केव्हाचा उकळत होता, वर येऊन कडेने सांडायला लागला होता. मी गॅस बंद केला आणि त्यांचा दंड धरला. "मावशी, काका हाक मारतायत. जा ना!"

त्या जागच्या हलल्या नाहीत. डोळे मिटलेले, पदर तोंडाशी.

"आलंय ऐकू," त्या म्हणाल्या. "गप ऱ्हा जरा. आनिक एकडाव मारू दे."